तोरोन्ताल काउंटी वाचायची कशी? जुन्या हंगेरीतल्या एका जिल्ह्याचा कारभार आणि तिथली माणसं समजून घेणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त रोमानियात तिमिशोआराला राहत असताना घरमालकीणबाईंनी एका रविवारी पिवळा पडलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या आजोबांचा जन्मदाखला. ‘आजोबा हात्सफेल्टचे’ असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. दाखल्यावर गावाचं नाव होतं झोंबोया. आणि तिमिशोआराहून पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्यावर मी रोज जी पाटी बघायचो, तिच्यावर होतं जिंबोलिया. ही तिन्ही नावं एकाच गावाची आहेत हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले. बाईंचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता: आजोबा नेमके कोण? जर्मन, हंगेरियन, की आणखी कोणी?

त्या एका प्रश्नापायी मी दीडेक वर्ष तोरोन्ताल काउंटीच्या कागदांत घालवलं. मराठीत यावर हाताला काही लागलं नाही, म्हणून हे लिहितो आहे. इतिहासाचे विद्यार्थी, भाषांतर करणारे, बानातमध्ये, म्हणजे तिमिशोआराभोवतीच्या या प्रदेशात, नोकरीला आलेले आपले लोक, ज्यांना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या एखाद्या काउंटीशी काम पडेल त्यांना हीच पद्धत शेजारच्या काउंट्यांसाठीही वापरता येईल.

थोडी ओळख. तोरोन्ताल हा हंगेरीच्या राज्यातला, म्हणजे हाब्सबुर्ग साम्राज्याच्या हंगेरियन अर्ध्यातला एक जिल्हा. उत्तरेला मारोश नदी, पश्चिमेला तिसा, दक्षिणेला डॅन्यूब. क्षेत्रफळ सुमारे १०,००० चौरस किलोमीटर, साधारण आपल्या सातारा जिल्ह्याएवढं. पण साताऱ्यात डोंगर. इथे नजर पोचेल तिथवर सपाट काळी जमीन, गहू आणि मका. मुख्य ठाणं नाद्यबेच्केरेक, आजचं सर्बियातलं झ्रेन्यानिन.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- १९१० च्या हंगेरियन खानेसुमारीचे गाववार तक्ते. हंगेरीच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ग्रंथालयानं जुने खंड स्कॅन केलेले आहेत.
- हाब्सबुर्ग लष्करी सर्वेक्षणाचे नकाशे. अशी तीन सर्वेक्षणं झाली; पहिलं अठराव्या शतकातलं, तिसरं १८६९ ते १८८७ मधलं. आजच्या नकाशावर चढवलेले ते इंटरनेटवर पाहता येतात.
- एक एक्सेलची फाइल, गावांच्या नावांसाठी. हिच्याशिवाय सुरुवातच करू नका.
- हंगेरियनचे तीस-चाळीस शब्द. भाषा शिकायची गरज नाही; तक्त्याच्या रकान्यांची डोकी वाचता आली की पुरे.
- सर्बियनसाठी सिरिलिक लिपी. देवनागरी वाचणाऱ्याला ती आठवड्याभरात येते.

१. आधी साल ठरवा, मग काउंटी

‘तोरोन्ताल’ हे नाव एकच, पण त्याखालची जमीन दर पिढीला बदलत गेली. मी १८५० चा आकडा आणि १९१० चा आकडा शेजारी ठेवून वाढ काढली होती. ते सगळं फेकून द्यावं लागलं, कारण मधल्या काळात हद्दच बदलली होती.

म्हणून ही सालं भिंतीवर चिकटवा. १५५२ मध्ये हा मुलूख उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेला. १७१६ मध्ये सॅव्हॉयच्या राजपुत्र यूजीननं तेमेश्वार, म्हणजेच तिमिशोआरा जिंकलं, आणि १७१८ च्या पासारोविट्सच्या तहानं बानात हाब्सबुर्गांकडे आला. पुढची साठेक वर्षं त्यावर व्हिएन्नाचा थेट अंमल होता. हंगेरियन काउंटी नव्हतीच. १७७९ मध्ये बानातचा मोठा भाग हंगेरीला जोडून त्याच्या तीन काउंट्या केल्या: तोरोन्ताल, तेमेश आणि क्राशो.

पण दक्षिणेची पट्टी तेव्हाही काउंटीबाहेरच राहिली. ती ‘लष्करी सरहद्द’. तिथली गावं पलटणीच्या हुकमतीत, जमीन कसायची ती सैनिकी चाकरीच्या बदल्यात. या पट्टीचं ठाणं पांचोवा, आजचं पांचेव्हो. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ मिहाय्लो पुपिन यांचं इद्वोर हे गावही याच पट्टीतलं. पुपिन जन्मले तेव्हा त्यांचा गाव तोरोन्तालमध्ये नव्हता. सरहद्द मोडीत निघाल्यावर, १८७३ च्या सुमारास, तो काउंटीत आला. तेव्हा ‘पुपिन तोरोन्तालचे’ हे वाक्य बरोबर की चूक, हेसुद्धा सालावर ठरतं.

आणखी दोन खाचा. १८४९ ते १८६० या काळात हंगेरियन क्रांती मोडून काढल्यावर व्हिएन्नानं ‘सर्बियन व्होयव्होदिना आणि तेमेश बानात’ असा वेगळाच प्रांत केला होता. कारभार जर्मनमध्ये, काउंटीची स्वायत्तता गुंडाळलेली. आणि किकिंदा हा सर्बांचा सवलतीचा जिल्हा १७७४ पासून स्वतंत्र कारभार करत होता, तो १८७६ मध्ये काउंटीत विलीन झाला.

थोडक्यात, १८७६ च्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करू नका. करायचीच असेल तर गाववार आकडे घ्या आणि बेरीज स्वतः करा.

२. प्रत्येक गावाची सगळी नावं एका ओळीत

बेळगाव, बेळगावी, बेलगाम हे आपल्याला सवयीचं आहे. तोरोन्तालमध्ये जवळजवळ प्रत्येक गावाचं हेच आहे, आणि तीन-चार भाषांत.

मुख्य ठाणंच घ्या. हंगेरियनमध्ये नाद्यबेच्केरेक, जर्मनमध्ये ग्रोसबेच्केरेक, सर्बियनमध्ये वेलिकी बेच्केरेक. १९३५ मध्ये ते पेत्रोव्हग्राद झालं आणि १९४६ पासून झ्रेन्यानिन. संगीतकार बेला बार्तोक १८८१ मध्ये जन्मले ते नाद्यसेन्तमिक्लोशला, आजच्या रोमानियातल्या सिन्निकोलाउ मारेमध्ये. कोव्हाचित्सा हे स्लोवाकांचं गाव, पण हंगेरियन कागदांत ते अंतलफल्वा म्हणून सापडतं. ‘देबेल्याचा’ हे गाव त्या नावानं शोधाल तर सापडणार नाही, तोरोन्तालवाशारहेय शोधा.

एक्सेलमध्ये हंगेरियन, जर्मन, सर्बियन, रोमानियन आणि आजचं नाव असे पाच स्तंभ करा, सहावा ‘आजचा देश’. नावांच्या आधी लागणारे शब्द ओळखा: नाद्य म्हणजे मोठं, किश म्हणजे लहान, उय नवं, ओ जुनं. सर्ब एलेमेर आणि नेमेत एलेमेर अशी जोडनावं दिसली तर समजा की शेजारी-शेजारी दोन वस्त्या होत्या, एक सर्बांची, एक जर्मनांची. आज तिथे एलेमिर हे एकच गाव आहे, त्यामुळे आजच्या नकाशावरून मागे गेलात तर दुसरी वस्ती सुटते.

इथे घाई करू नका. गावांच्या नावांत सर्वांत जास्त वेळ जातो, आणि इथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक पायरीत सोबत येते.

३. कारभाराची उतरंड ओळखा

कुठला कागद कोणी लिहिला हे कळल्याशिवाय त्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरत नाही. १८७० नंतरची व्यवस्था अशी होती.

वर फ्योइश्पान. हा राजाच्या नावानं नेमलेला, म्हणजे बुडापेस्टच्या सरकारचा माणूस. सरकार बदललं की बहुधा तोही बदलायचा. रोजचा कारभार मात्र अलिश्पानच्या हातात. त्याला काउंटीची सभा सहा वर्षांसाठी निवडून द्यायची. नवखे लोक या दोघांना ‘जिल्हाधिकारी आणि उपजिल्हाधिकारी’ समजतात. ते चूक आहे. एक वरून नेमलेला आणि एक खालून निवडलेला, आणि या दोघांतल्या ओढाताणीचे कागद ढिगांनी आहेत.

खाली यारोश, म्हणजे आपला तालुका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोरोन्तालमध्ये असे चौदा होते. त्याचा प्रमुख फ्योसोल्गाबीरो. या शब्दातल्या ‘बीरो’चा अर्थ न्यायाधीश, म्हणून इंग्रजी आणि जर्मन भाषांतरांत त्याला सर्रास न्यायाधीश केलेलं दिसतं. १८७० च्या आसपास न्यायदान कारभारापासून वेगळं झालं. त्यानंतर तो अंमलदारच होता, आपल्या मामलेदाराच्या जवळचा. गावच्या मुखियालाही ‘बीरो’च म्हणत, तोही न्यायाधीश नव्हे. गावात खरी लेखणी होती ती गावच्या नोटरीकडे. लहान गावांना मिळून एकच नोटरी असायचा. कर, दाखले, खानेसुमारीचे अर्ज, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. तो बहुधा हंगेरियनमध्ये शिकलेला, आणि गाव मात्र सर्बियन, जर्मन किंवा रोमानियन बोलणारं. ही गोष्ट चौथ्या पायरीसाठी लक्षात ठेवा.

आता सभेबद्दल. तिची निम्मी जागा निवडून आलेल्यांना, आणि निम्मी सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांना आपोआप. या दुसऱ्या गटाला विरिलिस्ट म्हणत. डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा शिकलेल्यांचा कर दुप्पट धरला जायचा. झोंबोयाच्या चेकोनिच सरदारांसारखे मोठे जमीनदार असलेल्या काउंटीत निम्मी सभा कुणाच्या बाजूची, हे त्या नियमातच ठरून गेलेलं असे. म्हणून सभासदांच्या यादीवरून लोकवस्तीचा अंदाज बांधू नका. मी सुरुवातीला यादीतली आडनावं मोजत बसलो होतो. त्यातून कळतं ते कुणाकडे जमीन होती एवढंच.

४. खानेसुमारीचा तक्ता: नेमकं काय विचारलं होतं?

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतात. १९१० चे आकडे आधी पाहा:

सर्बियन १,९९,७५०
जर्मन १,६५,७७९
हंगेरियन १,२८,४०५
रोमानियन ८६,९३७
स्लोवाक १६,१४३
क्रोएशियन ४,२०३
रुथेनियन १३८
इतर १३,७९६
एकूण ६,१५,१५१

एकही समाज निम्म्यावर नाही. सर्बियन ३२.५ टक्के, जर्मन २७, हंगेरियन २१ च्या आत, रोमानियन १४. राज्य हंगेरीचं, पण या काउंटीत हंगेरियन तिसऱ्या क्रमांकावर.

पण वरच्या यादीत मी ‘सर्ब’ न लिहिता ‘सर्बियन’ लिहिलं आहे, कारण हा भाषांचा तक्ता आहे. खानेसुमारीनं ‘तुम्ही कोणत्या समाजाचे’ असं विचारलंच नव्हतं. विचारली होती मातृभाषा, आणि तिची व्याख्याही आपण समजतो ती नव्हती: जी भाषा माणूस आपली मानतो, सर्वांत चांगली आणि सर्वांत आवडीनं बोलतो ती. आईची भाषा वेगळी आणि ‘मातृभाषा’ वेगळी, हे या व्याख्येत सहज बसायचं. शाळेत हंगेरियन शिकून त्यातच रमलेला जर्मन घरातला मुलगा हंगेरियनच्या रकान्यात जाऊ शकत होता, आणि त्यात कुणी खोटं लिहिलं असंही म्हणता येत नाही.

यातून तीन सापळे निघतात.

पहिला: ज्यू या तक्त्यात वेगळे दिसत नाहीत. यिडिशला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता नव्हती. ती बोलणारे जर्मनमध्ये मोजले जात. तोरोन्तालचे ज्यू हंगेरियन आणि जर्मन रकान्यांत विरघळलेले आहेत. ते शोधायचे तर धर्माच्या तक्त्यात.

दुसरा: ‘इतर’ हा रकाना सोडून देऊ नका. तेरा हजार माणसं म्हणजे कितीतरी गावं. यात बानातचे बल्गेरियन आहेत, कॅथलिक पंथाचे, अठराव्या शतकात इथे येऊन वसलेले. ओबेशेन्यो, आजचं दुदेश्ती व्हेकी, हे त्यांचं मोठं गाव. रोमा (जिप्सी) लोकांची गणतीही पुष्कळदा याच रकान्यात झाली. ज्यांच्यामागे ना राज्य होतं ना मोठा पक्ष, त्यांचा मागोवा इथेच लागतो. मला हा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक लेखांत तो टक्केवारी करताना गळून पडलेला असतो.

तिसरा: शेजारीच ‘हंगेरियन जाणणारे’ असा वेगळा तक्ता असतो. मातृभाषा हंगेरियन असणं आणि हंगेरियन येणं, या दोन आकड्यांची अदलाबदल छापील पुस्तकांतही झालेली मी पाहिली आहे. तक्त्याचं डोकं दोनदा वाचा.

शब्दांचंही जपा. जुन्या हंगेरियन कागदांत स्लोवाकांना तोत, रोमानियनांना ओलाह, सर्बांना राट्स म्हटलेलं असतं. वाचताना ओळखायला हवेत, पण आज ते हिणवणारे ठरतात. तिथल्या माणसांशी बोलताना, पत्रात किंवा लेखात ते वापरू नका.

५. धर्माचा रकाना भाषेच्या शेजारी ठेवा

भाषेच्या तक्त्यावरून जे सुटतं ते पुष्कळदा धर्मावरून सापडतं. ऑर्थोडॉक्स म्हणजे सर्ब किंवा रोमानियन; दोघांची चर्चव्यवस्था १८६४ मध्ये वेगळी झाली, तरी खानेसुमारीत दोघं एकाच नावाखाली येतात. तेव्हा निव्वळ धर्मावरून सर्ब की रोमानियन हे ठरत नाही, भाषा सोबत लागते. कॅथलिक म्हणजे बहुधा जर्मन किंवा हंगेरियन, पण बल्गेरियन आणि क्रोएशियनही. क्रोएशियन इथे कसे, असं मला वाटलं होतं: झाग्रेबच्या बिशपांच्या जमिनी या भागात होत्या, आणि केचा, बोका अशा गावांत क्रोएशियन घराणी त्या ओघानं आली. लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) दिसले तर कोव्हाचित्सासारखं स्लोवाक गाव असेल (ते इथे १८०२ मध्ये वसले), पण फ्रांत्सफेल्टसारखं जर्मन गावही असू शकतं. कॅल्व्हिनपंथी (हेही प्रोटेस्टंटच) असतील तर बहुधा हंगेरियन. ‘देबेल्याचा’ हे गाव तसंच आहे.

इथल्या जर्मनांना ‘श्वाबेन’ म्हणतात, पण ते सगळे जर्मनीतल्या श्वाबेन प्रदेशातून आलेले नव्हते. अठराव्या शतकात तीन लाटांत वसाहतकरी आले, त्यांत लोरेन, फाल्त्स अशा भागांतले पुष्कळ. काही वस्त्या तर फ्रेंच बोलणाऱ्यांनी वसवल्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांची भाषा जर्मन झाली आणि १९१० च्या तक्त्यात फ्रेंच कुठेच नाही. आमचं हात्सफेल्ट वसलं १७६६ मध्ये.

६. शहर वेगळं मोजा

वर ६,१५,१५१ हा आकडा दिला. तुम्हाला दुसरीकडे ५,९४,३४३ असाही सापडेल. दोन्ही बरोबर आहेत. पांचोवा शहराला काउंटीच्या दर्जाचे अधिकार होते, म्हणून त्याचे २०,८०८ लोक काही तक्त्यांत काउंटीबाहेर दाखवतात. नाद्यबेच्केरेक आणि नाद्यकिकिंदा यांचा दर्जा त्याहून खालचा, ती काउंटीतच मोजलेली असतात.

शहर वेगळं पाहण्याचं आणखी एक कारण आहे. काउंटीत हंगेरियन २१ टक्क्यांच्या आत, पण नाद्यबेच्केरेकच्या २६,००६ लोकांत हंगेरियन ९,१४८, सर्बियन ८,९३४, जर्मन ६,८११. इथे हंगेरियन पहिले. कचेऱ्या, कोर्ट, शाळा, रेल्वे, सगळी सरकारी नोकरी इथे, आणि ती हंगेरियनमध्ये. शहराचा आकडा पाहून काउंटीबद्दल बोलणं किंवा उलट, दोन्ही टाळा.

७. १९१८ नंतर: कागद कुठल्या देशात?

४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहानं काउंटी तीन देशांत वाटली गेली. मोठा भाग सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्याकडे (म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियाकडे), ईशान्येचा रोमानियाकडे, आणि सेगेद शहराजवळचं टोक, स्योरेग, देस्क वगैरे गावं, हंगेरीकडे. तरी सीमा तिथेच थांबली नाही. झोंबोया आधी युगोस्लाव्ह बाजूला होतं. १९२४ मध्ये गावांची अदलाबदल झाली, झोंबोया रोमानियाला मिळालं आणि मोदोश, आजचं याशा तोमिच, युगोस्लाव्हियाला.

काउंटीच्या कचेरीचे कागद झ्रेन्यानिनच्या ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत, सरहद्दीच्या पट्टीसाठी पांचेव्होचं अभिलेखागार पाहा, आणि रोमानियाकडच्या गावांसाठी तिमिशोआराचं.

आजची वस्ती पाहून मागचा अंदाज करू नका. बानातच्या सर्बियन भागातले ज्यू ऑगस्ट १९४१ मध्ये घराबाहेर काढून बेलग्रेडला नेले गेले आणि तिथे मारले गेले. युद्धाच्या शेवटी जर्मनांना सर्बियन बाजूला छावण्यांत कोंडलं, रोमानियन बाजूनं हजारोंना जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत संघात मजुरीला नेलं. राहिलेले पुढच्या दशकांत जर्मनीला गेले. ज्या गावात १९१० मध्ये नव्वद टक्के जर्मन होते, तिथे आज एक घर सापडलं तरी खूप. तिथल्या वृद्धांशी बोलताना हे ध्यानात ठेवा. आपल्याला आकडा हवा असतो, त्यांच्यासमोर घर उभं राहतं.

८. एका माणसाचा शोध घेत असाल तर

हंगेरीत सरकारी जन्म-मृत्यू नोंद १ ऑक्टोबर १८९५ पासून सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्च किंवा सिनॅगॉगच्या वह्यांत. म्हणजे १८९५ पूर्वीच्या माणसासाठी आधी धर्म माहीत हवा, नाहीतर कुठली वही उघडायची तेच कळत नाही. वह्यांची भाषाही काळाप्रमाणे बदलते: लॅटिन, जर्मन, हंगेरियन, आणि ऑर्थोडॉक्स वह्या बऱ्याचदा सिरिलिकमध्ये. नावंही त्यासोबत बदलतात. एकच माणूस एका वहीत योहान, दुसरीत यानोश, तिसरीत योहानेस. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव जुळलं तरच तोच माणूस धरा.

अभिलेखागाराला लिहिताना गावाची सगळी नावं द्या, साल द्या, धर्म द्या, आणि एका पत्रात एकच माणूस विचारा. मी पहिल्या पत्रात सहा जणांची यादी पाठवली होती, तिला उत्तर आलं नाही. एकाच नावाचं दुसरं पत्र पाठवलं, तेव्हा उतारा मिळाला.

घरमालकीणबाईंच्या आजोबांच्या नोंदीत गाव झोंबोया, धर्म रोमन कॅथलिक, वडील सुतार, आईचं माहेरचं आडनाव जर्मन वळणाचं. मातृभाषेचा रकाना जन्मनोंदीत नसतोच. बाईंनी तो उतारा दोन-तीनदा वाचला आणि विचारलं, ‘घरात कोणती भाषा बोलायचे ते कुठे लिहिलंय?’ मी म्हटलं, ते तुमच्या मोठ्या बहिणीला विचारायला हवं. त्या संध्याकाळी त्यांनी म्युनिकला फोन लावला.